पाळणाघर ही मेहेरबानी नव्हे, हक्क आहे!

पुण्याच्या पूर्वेला नगर रस्त्यालगतची खराडी आता गाव राहिलेली नाही. जिथे शेते होती तिथे काचेचे मनोरे उभे राहिले. इऑन, वर्ल्ड ट्रेड सेंटर ही नावे इथल्या पत्त्यांत शिरली. अशा आयटी कंपन्यांत वर्षातून एखादा दिवस कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी राखण्याची पद्धत आहे. मुले आईबापाच्या खुर्चीवर बसतात, संगणकाची कळ दाबून पाहतात, फुगे आणि खाऊ घेऊन घरी जातात. त्याला आमचा मुळीच विरोध नाही. आपली आई दिवसभर कुठे असते, बाप कोणते काम करतो, हे मुलाला कळलेच पाहिजे.

पण त्याच मनोऱ्याशेजारी नवा मनोरा उभा राहत असतो, आणि तिथेही मुले येतात. वर्षातून एकदा नव्हे, रोज येतात. त्यांना कोणी आमंत्रण दिलेले नसते. घरी सांभाळायला कोणी नाही म्हणून आई त्यांना कामावर आणते. तान्हे मूल साडीच्या झोळीत, रांगते मूल वाळूच्या ढिगावर, आणि त्यांना राखायला सात-आठ वर्षांची बहीण. त्या बहिणीची शाळा तिथेच संपते! काचेच्या मनोऱ्यात फरशी पुसणाऱ्या बाईला तर तेवढीही मुभा नाही. ती आपले मूल शेजारणीच्या भरवशावर टाकून येते. एका मुलाचे कामावर येणे हा सोहळा आणि दुसऱ्याचे येणे ही अडचण, असे का?

बापाच्या कामाच्या ठिकाणी निघालेल्या एका मुलाची हकिकत आपल्या समाजाला ठाऊक आहे. 1901 साली सुभेदार रामजी सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर, तलावाच्या खोदाईवर रोखपाल होते. सुट्टीत त्यांना भेटायला बाल भीमराव, त्यांचे बंधू आणि भाचे असे मसूर स्टेशनवर उतरले. ही महारांची मुले आहेत हे कळताच स्टेशनमास्तरांचा चेहरा बदलला. गाडीवान दुप्पट भाडे घेऊन तयार झाला तो मुलांनीच गाडी हाकावी, तो पायी चालेल, या अटीवर. रात्रभर प्यायला पाणी मिळाले नाही. बाप सरकारी नोकर होता, तरी मुलाची ओळख जातीनेच ठरवली.

तेच बाबासाहेब 1928 साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाच्या बाजूने बोलले. कामकरी स्त्रीला बाळंतपणात विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी त्यांची मांडणी होती. 1929 मध्ये मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. मूल हा बाईचा खासगी प्रश्न आहे, तिचे तिने पाहावे, हा युक्तिवाद त्यांनी तेव्हाच मोडीत काढला होता. पाळणाघराची मागणी ही त्याच विचाराची पुढची पायरी आहे.

मग कायद्याने काय दिले? 1996 च्या बांधकाम कामगार कायद्यात सहा वर्षांखालील मुलांसाठी खोलीची तरतूद होती, पण पन्नासाहून अधिक स्त्री कामगार असतील तरच. ठेकेदाराखाली पोटठेकेदार, त्याच्याखाली मुकादम. कोणाच्याच हजेरीपटावर पन्नास बाया भरत नाहीत, आणि मूल वाळूवरच राहते. 2017 च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर सक्तीचे केले, आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाण्याची मुभा दिली. 21 नोव्हेंबर 2025 पासून हे जुने कायदे जाऊन श्रमसंहिता लागू झाल्या. सामाजिक सुरक्षा संहितेतही पन्नासांची अट आणि चार भेटी कायम आहेत, आणि ठेकेदारामार्फत लावलेली व्यक्तीही तिथे कर्मचारीच धरली आहे. म्हणजे फरशी पुसणारी बाईही हिशेबात येते. तिला हे कोणी सांगितले आहे काय?

आमदारबाईंनाही हा प्रश्न चुकलेला नाही. देवळालीच्या राखीव मतदारसंघातून निवडून आलेल्या सरोज अहिरे डिसेंबर 2022 मध्ये अडीच महिन्यांचे बाळ घेऊन नागपूरच्या अधिवेशनाला आल्या. मग विधानभवनात हिरकणी कक्ष उघडला गेला. पुढे मुंबईच्या अधिवेशनात त्या कक्षातील धुळीची तक्रार त्यांनाच करावी लागली. आख्यायिकेतली हिरकणी गडाचे दरवाजे बंद झाले म्हणून कडा उतरून बाळाकडे गेली. आपण तिच्या धाडसाचे गोडवे गातो, बंद दरवाजाबद्दल मात्र बोलत नाही.

हे करता येत नाही, असे कोणी म्हणू नये. मीरा महादेवन यांनी 1969 मध्ये दिल्लीत बांधकामावरच मजुरांच्या मुलांसाठी पाळणाघर सुरू केले, आणि 1981 पासून ते काम पुण्यातही आले. पत्र्याच्या खोलीत, थोड्या खर्चात मुले खातात, झोपतात, अक्षरे गिरवतात. जिथे कोट्यवधींची इमारत उभी राहते, तिथे एक खोली जड का व्हावी?

आमची मागणी सरळ आहे. सामाईक पाळणाघराला संहितेत मोकळीक आहे. तेव्हा खराडीतील प्रत्येक आयटी संकुलाने एकच पाळणाघर चालवावे, आणि त्यात अभियंता बाईचे, पहारेकऱ्याचे, सफाईवालीचे आणि शेजारच्या बांधकामावरील बिगारणीचे मूल एकत्र असावे. एका ताटात जेवलेल्या मुलांना जात शिकवणे अवघड जाते. वस्त्यांतील मंडळांनी, कामगार संघटनांनी या बायांना त्यांचा हक्क समजावून सांगावा आणि कामगार आयुक्तांकडे लेखी अर्ज करावेत. तोंडी विनंतीची दखल कोणी घेत नाही.

बापाचे काम मुलाने पाहणे वेगळे आणि बापाचे काम मुलाच्या माथी मारणे वेगळे. जातिव्यवस्थेने आपल्याला दुसरेच दिले. बिगारणीच्या मुलीने आईचे घमेले जरूर पाहावे, पण ते उचलू नये. तिच्या हातात पाटी यायची असेल तर तिच्या कडेवरचे भावंड आधी पाळणाघरात गेले पाहिजे.