खोताची वाडी आणि पुतण्याचे संमतिपत्र

सी. पी. टँकच्या हिराबाग धर्मशाळेत आपल्यापैकी अनेकजण कधी ना कधी उतरले असतील. तेथून पायी काही मिनिटांच्या अंतरावर, विठ्ठलभाई पटेल मार्ग आणि जगन्नाथ शंकरशेठ मार्ग यांच्या मध्ये, खोताची वाडी आहे. गल्ली इतकी अरुंद की दोन माणसे समोरासमोर आली तर एकाने खांदा वळवावा. दोन्ही बाजूंना लाकडी, कौलारू, एकमजली घरे. पुढे मोकळा ओटा, बाहेरून वर जाणारा जिना, एका वळणावर क्रूस.

अठराव्या शतकाच्या अखेरीस दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांनी आपल्या जमिनीचे तुकडे ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांना दिले आणि ही वस्ती उभी राहिली. नावावरून परकी वाटणारी ही मंडळी मूळची याच भूमीची, मराठी बोलणारी. १८८७ साली राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात त्यांनी हे नाव धारण केले. वाडीत एकेकाळी सुमारे ६५ घरे होती. आज त्यांच्या निम्मीही उरलेली नाहीत.

मी हे लिहितो आहे त्यास एक जुने कारण आहे. १९९० च्या दशकात गिरगावातील एका बँकशाखेत मी कर्जविभाग पाहत होतो. वाडीतील एक वृद्ध गृहस्थ छपराच्या दुरुस्तीसाठी कर्ज मागण्यास आले. वासे कुजले होते, कौले सरकली होती. मूल्यांककाने अहवालात इमारतीचे उर्वरित आयुष्य पाच वर्षे लिहिले आणि जमिनीची किंमत अशी लिहिली की ती मी दोनदा वाचली. मालमत्तेवर सात वारसांची नावे, त्यांपैकी तिघे परदेशी. सातही सह्यांखेरीज गहाणखत होणे शक्य नव्हते. मी प्रस्ताव नामंजूर केला. नियमाने तो निर्णय अचूक होता. आज त्या खुर्चीत असतो तरी तोच घेतला असता.

काही वर्षांनी बदली होऊन त्याच शाखेत परत आलो, तेव्हा त्या जागी बहुमजली इमारत होती. छपरासाठी जमू न शकलेल्या सातही सह्या विक्रीसाठी जमल्या होत्या. त्या इमारतीतील सदनिकांची गृहकर्जे देताना आम्हांस कसलीही अडचण आली नाही. दोन मंजुरीपत्रांवर माझीच सही आहे.

मुंबईसाठी वारसा-वास्तूंचे नियम १९९५ साली झाले. देशातील अशा प्रकारचे ते पहिलेच. त्यांनी पुष्कळ वाचवले, यात शंका नाही. पण यादी घरमालकाला ‘पाडू नका’ असे सांगते. सागवानी वासे कोणत्या पैशाने बदलावेत, याचे उत्तर तिच्यात नसते.

वाडीभोवतीच्या चाळींची गोष्ट निराळी, आणि ती आपल्या व्यापारी घरांना अधिक परिचित आहे. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठली. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने पागडीला मान्यता दिली व वार्षिक चार टक्के वाढीची मुभा दिली. पण साठ रुपयांवर चार टक्के म्हणजे किती? मालक दुरुस्ती करीत नाही, भाडेकरू करू शकत नाही. उपकरप्राप्त इमारतींची मूळ संख्याच १९,६४२ होती. त्या न पाडता तशाच ठेवाव्यात, असे मी कदापि म्हणणार नाही. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडी बाजारात हुसैनी इमारत कोसळून ३३ जीव गेले. ते ठिकाण गिरगावापासून फार दूर नाही.

आता मूळ मुद्द्याकडे. माझ्या पुतण्याचे वाडीला लागून असलेल्या एका चाळीत तळमजल्यावर पागडीचे दुकान आहे, १६० चौरस फुटांचे. गेल्या महिन्यात तो संमतिपत्र घेऊन आला. म्हणाला, “काका, निम्म्याहून अधिक भाडेकरूंनी सही केली आहे. तुम्ही एकदा वाचून द्या.”

मी दोन संध्याकाळी ते वाचले. विकास नियमावलीच्या कलम ३३(७) खाली ५१ टक्के भाडेकरूंची संमती पुरते. राहणाऱ्यास किमान ३०० चौरस फूट चटईक्षेत्र मिळते. दुकानदारास मात्र जेवढे आहे तेवढेच. वरचे जे काही असेल ती विकासकाची देणगी, आणि देणगी करारात न लिहिली तर ती तोंडीच राहते. पुतण्याच्या दुकानाची नवी जागा ‘व्यापारी मजल्यावर’ असे लिहिले होते. कोणता मजला, दर्शनी बाजू रस्त्याकडे की आत, याविषयी अक्षर नाही. त्याचे निम्मे गिऱ्हाईक जाता-येता थांबणारे आहे. ते जिना चढून येईल काय?

पण मला अधिक अस्वस्थ केले ते दुसऱ्याच गोष्टीने. नकाशात वाहनतळासाठी तळघर दाखवले आहे आणि त्याची भिंत वाडीच्या बाजूस. पलीकडे शतकभराचे लाकडी घर, उथळ पायाचे. खोदाईत जमीन सरकली तर ते घर यादीत असूनही तडकेल, मग धोकादायक ठरेल, आणि मग त्याच्याही सात सह्या जमतील. वाडीच्या घरमालकास या व्यवहारात कोणी विचारलेले नाही. संमती देणारे आपण, तडा जाणार त्याच्या भिंतीस.

या टॉवरांतील सदनिका कोण घेतो, हे आपण एकमेकांस सांगण्याची आवश्यकता नाही. पेढी काळबादेवीस, मंदिर पायी जाण्याच्या अंतरावर. ही मागणी स्वाभाविक आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये गिरगावची मेट्रो सुरू झाल्यावर ती आणखी वाढेल. एका माहितीपत्रकात ‘समविचारी शेजार’ असा शब्दप्रयोग वाचला. अर्थ समजला आणि मनास लागला. ज्या ओट्यावरून त्या वृद्ध गृहस्थांनी मला पाणी विचारले होते, त्या शेजाराला कोणता विचार कमी पडत होता?

मी पुतण्यास तीन कलमे लिहून दिली. पहिले, दुकान तळमजल्यावर व रस्त्यालगत, नकाशावर क्रमांकासह. दुसरे, बांधकामकाळातील भाड्यापोटी संपूर्ण मुदतीची बँक हमी. धनादेशांची गड्डी नव्हे, कारण न वटलेल्या धनादेशांचे काय होते ते मी तीस वर्षे पाहिले आहे. तिसरे, खोदाईपूर्वी लगतच्या वाडीतील घरांची छायाचित्रांसह पाहणी, मातीस आधार देणारी भिंत आणि हानी झाल्यास दुरुस्तीचा खर्च विकासकाकडे. तिसरे कलम वाचून तो हसला. “काका, हे आपल्या फायद्याचे कुठे आहे?” मी म्हटले, “नाही. तरीही घाल.”

त्याने घातले, आणि शेजारच्या चार दुकानदारांनीही तोच मसुदा स्वीकारला. पहिल्या दोन कलमांना विकासकाचा होकार आला आहे. तिसऱ्याचे उत्तर अद्याप आलेले नाही, आणि तोवर पाचही संमतिपत्रे सहीविना पुतण्याच्या गल्ल्यात आहेत.