नवोदय की खासगी शाळा? पाचवीतल्या मुलांच्या पालकांसाठी

जून-जुलैमध्ये पाचवीच्या वर्गाच्या दारात दोन प्रकारचे पालक येतात. काही जण विचारतात, "टीचर, नवोदयचा फॉर्म भरायचा का?" आणि काही जण शाळा सोडल्याचा दाखला मागतात, कारण मुलाला तालुक्याच्या इंग्लिश मीडियममध्ये टाकायचं ठरलेलं असतं. दोघांनाही मुलाचं भलंच हवं असतं, पण दोघांकडची निम्मी माहिती ऐकीव असते. "नवोदयमध्ये आपल्या मुलांना घेत नाहीत." "उर्दूवाल्यांना तो पेपर जमणार नाही." "प्रायव्हेटमध्ये एकदा टाकलं की बारावीपर्यंत बघायला नको." ही तीन वाक्यं दर वर्षी कानावर येतात आणि तिन्ही चुकीची आहेत.

जवाहर नवोदय विद्यालय ही केंद्र सरकारची निवासी शाळा आहे. सहावी ते बारावी, सीबीएसई बोर्ड, मुलं-मुली एकत्र शिकतात, हॉस्टेल मात्र वेगळे. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून ही योजना उभी राहिली. सुरुवातीला प्रयोग म्हणून देशात दोनच शाळा काढल्या होत्या, एक हरियाणात झज्जरला आणि दुसरी आपल्या अमरावतीत. आज एक-एक शाळा बहुतेक जिल्ह्यांत आहे. राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं सगळं सरकारचं. सहावी ते आठवी काहीच भरावं लागत नाही. नववीपासून महिन्याला ६०० रुपये विकास निधी आहे, त्यातूनही मुली, अनुसूचित जाती-जमातीची मुलं आणि दारिद्र्यरेषेखालच्या घरातली मुलं यांना सूट आहे. पालक सरकारी नोकरीत असतील तर त्यांच्यासाठी रक्कम जास्त आहे, ते वेगळं विचारून घ्यावं.

प्रवेश फक्त परीक्षेवर होतो. ८० प्रश्न, १०० गुण, दोन तास. यातले ४० प्रश्न मानसिक क्षमतेचे, म्हणजे आकृत्यांचे: वेगळी आकृती ओळखा, अर्धी आकृती पूर्ण करा, आरशातलं चित्र कोणतं, असे. त्यांना ५० गुण. बाकी २० प्रश्न अंकगणिताचे आणि २० भाषेचे, प्रत्येकी २५ गुण. भाषेच्या भागात उतारे वाचून उत्तरं द्यायची असतात. म्हणजे पेपरचा अर्धा भाग असा आहे की त्याला भाषा लागतच नाही. आणि ही परीक्षा महाराष्ट्रात मराठीतून देता येते तशी उर्दूतूनही देता येते. हे आपल्याच मोहल्ल्यात किती जणांना माहीत आहे? फॉर्म भरताना जी भाषा निवडाल तिचाच पेपर येतो. त्यामुळे सायबर कॅफेवाल्याच्या हातात फॉर्म सोपवून चहा प्यायला जाऊ नका. भाषेचा रकाना स्वतः बघा. अर्जाला फी नाही. कॅफेवाला जे घेतो ते त्याच्या कामाचे.

आता खरी अडचण. नवोदयच्या किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागातल्या मुलांना असतात. ग्रामीण कोण, हे तुमच्या घराच्या पत्त्यावर ठरत नाही. मुलाने तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं पूर्ण ग्रामीण भागातल्या मान्यताप्राप्त शाळेत काढलेली असावी लागतात. नियमात स्पष्ट आहे की या तीन वर्षांत एक दिवस जरी शहरी भागातल्या शाळेत शिकला तरी तो शहरी उमेदवार धरला जातो. राहतात गावात, पण चौथीला व्हॅन लावून शहरातल्या इंग्लिश मीडियममध्ये टाकलं, अशी कितीतरी घरं आहेत. त्या मुलासमोरून तीन चतुर्थांश जागांचं दार बंद झालं, आणि घरात कुणाला कळलंही नाही. म्हणून मी म्हणतो, नवोदय की प्रायव्हेट हा प्रश्न पाचवीचा नाहीच, तो दुसरी पास झाल्यावरचा आहे.

आणखी दोन नियम कडक आहेत. मूल ज्या जिल्ह्यात पाचवी शिकतं त्याच जिल्ह्याच्या नवोदयसाठी अर्ज करता येतो, आणि रहिवासही तिथलाच लागतो. दुसरं, सहावीच्या प्रवेशाची परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते. पाचवी पुन्हा करून दुसऱ्यांदा बसवू, असं चालत नाही. नुसत्या मकतबात किंवा मदरशात शिकणाऱ्या मुलाला मान्यताप्राप्त शाळेची पाचवी दाखवता येणार नाही, तेव्हा हिफ्ज चालू असलं तरी शाळेतलं नाव आणि हजेरी सोडू नका.

राहिला आरक्षणाचा मुद्दा. एक तृतीयांश जागा मुलींना आहेत. ओबीसींनाही जागा आहेत, त्या केंद्राच्या यादीप्रमाणे. मोमीन-अन्सारी, पिंजारी अशा आपल्या कितीतरी बिरादऱ्या महाराष्ट्रात ओबीसीत येतात, पण दाखला काढलेलाच नसतो. राज्याच्या यादीतलं नाव केंद्राच्या यादीत आहे का, हे सेतू कार्यालयात आधी तपासा. दाखल्याला वेळ लागतो, निकालानंतर पळापळ करून उपयोग नाही.

इथपर्यंत ऐकून पालक खूश होतात. मग शाळेच्या शिस्तीची गोष्ट निघते आणि अम्मीचा चेहरा उतरतो.

नवोदयची शिस्त खरोखर कडक आहे. सकाळी अंधारात उठून पीटी, मग परिपाठ, वर्ग, संध्याकाळी खेळ, रात्री शिक्षकांच्या देखरेखीखाली अभ्यास. मोबाइल ठेवता येत नाही. आईवडिलांनी भेटायचे दिवस ठरलेले. दहा-अकरा वर्षांचं लेकरू, ज्याच्या डोक्याला आजवर दादीने तेल लावलं, त्याला स्वतःचे कपडे स्वतः धुवायला लागतात. पहिले दोन-तीन महिने रडारड होते. काही मुलं त्यातून अशी उभी राहतात की सुट्टीत घरी आल्यावर ओळखू येत नाहीत. काही मात्र दिवाळीच्या सुट्टीला येतात ती परत जातच नाहीत. दोन्ही खरं आहे. आपलं मूल कोणत्या प्रकारचं, ते तुमच्याशिवाय कुणी सांगू शकत नाही. मामाकडे चार दिवस एकटं राहतं का? ताटात नावडती भाजी आली तर खातं का? आजारी पडलं तर मोठ्यांना नीट सांगू शकतं का? टक्केवारीपेक्षा हे प्रश्न आधी.

दीनचं काय, हा प्रश्न तर दबक्या आवाजात येतोच. स्पष्ट बोलू या. राज्यघटनेच्या कलम २८ प्रमाणे पूर्ण सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत कोणत्याही धर्माचं शिक्षण देता येत नाही. त्यामुळे तिथे कुराण शिकवायला कुणी येईल ही अपेक्षा ठेवू नका. नमाज मूल स्वतः, आपल्या खोलीत, वेळ मिळेल तशी पढेल. म्हणजे जे काही शिकवायचं ते दहा वर्षांच्या आत घरात आणि मकतबात झालेलं असलं पाहिजे. नाझिरा पूर्ण, वुजू-नमाज येत असलेली, छोट्या सूरा पाठ. तेवढी शिदोरी असलेलं मूल हॉस्टेलमध्ये टिकवतं. ज्याला घरीच कुणी उठवलं नाही त्याला तिथे कोण उठवणार?

पुढची काही वर्षं रमजान जानेवारी ते मार्चच्या दरम्यान येणार आहे. शाळा चालू असते, दहावी-बारावीच्या बोर्डाच्या परीक्षाही याच दिवसांत. सेहरीची काय सोय, इफ्तारला ताट ठेवतात का, मेसमध्ये मांसाहार असतो का आणि असेल तर हलाल असतो का, हे प्रत्येक शाळेचं वेगळं असू शकतं. लाजू नका, प्राचार्यांना जाऊन विचारा. त्याहून चांगलं म्हणजे तिथे शिकणाऱ्या आपल्या एखाद्या मुलाच्या घरी जाऊन विचारा. मूल शाकाहारी जेवणावर सात वर्षं काढायला तयार असेल तर निम्मा प्रश्न सुटतो.

उर्दूचं नुकसान होतं, हेही मान्य करायला हवं. महाराष्ट्रातल्या नवोदयमध्ये सातवी-आठवीपर्यंत शिकवणं मराठीतून, त्यानंतर गणित-विज्ञान इंग्रजीतून आणि सामाजिक शास्त्र हिंदीतून. उर्दू माध्यमातून निवडल्या गेलेल्या मुलाला पहिल्या वर्षी मराठी जड जाते. निकालानंतरचे महिने मराठी वाचनाला द्या, वर्तमानपत्र मोठ्याने वाचून घ्या. उर्दू मग सुट्टीत घरच्यांनीच जपायची.

आणि एक गोष्ट बहुतेकांना नववीतच कळते. राष्ट्रीय एकात्मतेसाठी नववीतली साधारण ३० टक्के मुलं एका वर्षासाठी दुसऱ्या भाषेच्या राज्यातल्या नवोदयमध्ये पाठवतात. आपल्या मुलाचा नंबर लागला तर वर्षभर तो हिंदी भाषिक राज्यात. घरातल्यांची तयारी प्रवेश घेतानाच हवी.

मुलींबद्दल लोक माझं मत विचारतात. वडील म्हणतात, इतक्या लहान मुलीला हॉस्टेलला कसं पाठवू? प्रश्न रास्त आहे. पण तीच मुलगी आठवीनंतर गावात हायस्कूल नाही म्हणून घरी बसणार असेल, तर तुलना हॉस्टेल आणि घर यांच्यात नाही, बारावी आणि आठवी यांच्यात आहे. आईवडिलांनी दोघांनी मिळून हॉस्टेल बघून यावं, मेट्रनशी बोलावं, मग ठरवावं. न बघता "नको" म्हणणं मला पटत नाही.

आता खासगी शाळेकडे. मूल डोळ्यांसमोर राहतं, संध्याकाळी मकतबला जातं, जुम्म्याला अब्बांचं बोट धरून मशिदीत जातं. ही लहान गोष्ट नाही. समाजातल्याच लोकांनी चालवलेल्या काही इंग्रजी शाळांत दीनियातचा तासही असतो. ऐपत असेल आणि शाळा खरी असेल तर यात वाईट काहीच नाही.

पण हिशेब कागदावर मांडा. समजा फी वर्षाला ३०,०००, व्हॅनचे १०,०००, पुस्तकं-गणवेश ६,००० आणि महिना हजाराची ट्यूशन धरून १२,०००. झाले ५८,०००. सहावी ते बारावी सात वर्षांचे, फी एक रुपयाही वाढली नाही असं धरलं तरी, ४ लाख ६ हजार. त्यात दुसरं आणि तिसरं मूल आहेच. मोठ्याला प्रायव्हेट आणि धाकटीला "बघू", हे बहुतेक घरांत इथूनच सुरू होतं. नवोदयमधल्या मुलाचे नववी ते बारावी वर्षाला ७,२०० रुपये, वर येण्याजाण्याचं भाडं आणि साबण-तेलाचा खर्च.

शाळा खरी आहे का, हे कसं बघायचं? पाटीवर "सीबीएसई पॅटर्न" लिहिलं म्हणजे शाळा सीबीएसईची होत नाही. संलग्नता क्रमांक मागा आणि बोर्डाच्या वेबसाइटवर पडताळा. मान्यता कितवीपर्यंत आहे ते विचारा. आठवीपर्यंतच मान्यता असेल तर दहावीचा फॉर्म कुठल्या शाळेच्या नावाने भरतात, हे तोंडी नको, लेखी विचारा. यू-डायस क्रमांक मागा. शिक्षकांपैकी किती जण बीएड-डीएड आहेत आणि दर वर्षी किती जण सोडून जातात, हेही विचारा. ज्या शाळेला या प्रश्नांचा राग येतो तिथून मी तरी परत फिरेन.

आरटीईच्या २५ टक्क्यांतून पहिलीत प्रवेश मिळालेल्यांनी तर आत्तापासून सावध राहावं. तो हक्क आठवीपर्यंतच आहे. नववीला पूर्ण फी लागते, आणि तेव्हा मूल इंग्रजी माध्यमात इतकं पुढे गेलेलं असतं की मागे आणणं अवघड. अल्पसंख्याक शाळांना २०१४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर ही २५ टक्क्यांची अट लागू नाही, म्हणून आपल्याच संस्थेत आरटीईची जागा का मिळत नाही यावर भांडून उपयोग होत नाही. फी अवास्तव वाढवली तर मात्र बोलता येतं. महाराष्ट्रात २०११ चा शुल्क नियमन कायदा आहे, फी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीसमोर ठेवावी लागते आणि ठरलेली फी दोन वर्षं बदलता येत नाही. त्या समितीच्या बैठकीला आपले पालक किती जातात, तो वेगळाच विषय.

माझा सल्ला विचाराल तर ग्रामीण शाळेतल्या प्रत्येक हुशार मुलाचा, मुलीचाही, नवोदयचा फॉर्म भरा. निवड झाली म्हणजे जायलाच हवं असं नाही. निर्णय निकालानंतर, शाळा बघून, मुलाशी बोलून घ्या. तयारी वाया जात नाही, तेच गणित आणि त्याच आकृत्या शिष्यवृत्ती परीक्षेलाही कामी येतात. निवड झाली नाही तर गावातली किंवा तालुक्याची अनुदानित शाळा, उर्दू असो वा मराठी, कमी समजू नका. कर्ज काढून नुसत्या पाटीसाठी प्रायव्हेटमध्ये टाकण्यापेक्षा तिथे शिकवून घरी इंग्रजीकडे लक्ष देणं केव्हाही बरं.

पाचवीची संधी हुकली असेल तर आठवीत शिकणाऱ्यांसाठी नववीच्या रिकाम्या जागांची वेगळी परीक्षा होते, दहावीनंतर अकरावीलाही काही जागा भरतात. जागा थोड्या असतात. पाचवीवाल्यांनी मात्र आत्ताच मुख्याध्यापकांच्या सहीचा दाखला, रहिवासी दाखला, आधार आणि मुलाचा फोटो तयार ठेवावा. आधारवरचं आणि शाळेच्या रजिस्टरमधलं नाव एकच आहे का, तेही तपासा. "शेख" एकीकडे पुढे आणि दुसरीकडे मागे, एवढ्यावरून कागदपत्रं अडकतात.