बावधन ते जंजिरा : एका दिवसाचा बेत

बावधनहून ताम्हिणी घाटाने मुरूड दीडशे किलोमीटरांच्या आसपास आहे. पौड, मुळशी, विळे, कोलाड, रोहा असा रस्ता. थांबे धरून जायला साडेचार तास, यायला तेवढेच. म्हणून हिवाळ्यातल्या सहलीचा बेत करताना आम्ही आधी काय सोडायचे ते ठरवले.

मुलांना फणसाडचे जंगल हवे होते. जंजिऱ्याच्या नवाबांचे हे शिकारीचे रान १९८६ मध्ये अभयारण्य झाले. तिथे शेकरू आहे, पण ते पाहायला सकाळ हवी आणि शांतता हवी. आमची पोरे शांत? असो. अम्मींना जंजिरा पाहायचा आहे. वय सत्तरीपुढे, गुडघे दुखरे. "पुढच्या साली कोण जाणे," एवढेच त्या म्हणाल्या आणि विषय मिटला.

राजापुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीने किल्ल्यात जातात. पावसाळ्यात होड्या बंद असतात. खरी अडचण दरवाजाशी येते. हेलकावणाऱ्या होडीतून ओल्या पायरीवर पाय टाकावा लागतो. बुरख्याचा घेर आधीच आवरून घ्यावा, हात मोकळे ठेवावेत.

दिवस ठरवायला घरातले हिजरी कॅलेंडर कामी आले. चांदाच्या पहिल्या आणि चौदाव्या-पंधराव्या तारखेच्या सुमारास उधाण असते, पाणी खूप चढते-उतरते. आठवी आणि बाविसावीच्या आसपास भांगाची भरती, चढउतार कमी. आम्ही आठवीजवळचा दिवस धरला आहे. वारा मात्र त्याच दिवशी कळेल. नावाड्याने अम्मींकडे पाहून नको म्हटले, तर त्या धक्क्यावरूनच किल्ला पाहतील. तिथून जवळ खोकरीला सिद्दी सरदारांचे दगडी घुमट आहेत, तिथे होडी लागत नाही.

किल्ल्यात मुलांना कलालबांगडी तोफेपेक्षा गोड्या पाण्याचे तलाव आधी दाखवणार. चहूकडे खारे पाणी आणि आत गोडे! आफ्रिकेतून आलेल्या हबशी सिद्दींनी हा किल्ला पिढ्यान्‌पिढ्या राखला, त्यामागे हे पाणीही होते.

फजर पढून निघायचे. एवढ्या अंतरावर आपण मुसाफिर, म्हणून जोहर कसर. आमची कोकणातली शाफई भावजय जोहर-असर एकत्र पढेल, आम्ही हनफी असर वाटेत पढू. दोन वाजता मुरूड सोडले की मगरिबच्या आत घाट मागे पडतो.

अम्मींसाठी रबरी तळव्याचे बूट आणले आहेत. किंमत ऐकल्यापासून त्या आमच्याशी जरा कमीच बोलतात.