पक्षाघात : घड्याळाशी शर्यत
मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के. पण हृदयातून निघणाऱ्या रक्तापैकी सुमारे १५ टक्के रक्त त्याला लागते. मानेतल्या ४ धमन्या ते पोचवतात. गुठळीने धमनी तुंबली किंवा ती फुटली की पक्षाघात होतो : तोंड वाकडे होते, एक हात लुळा पडतो, जीभ अडखळते. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत, सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नसल्याची खात्री करूनच देतात. उदाहरणार्थ, काटोलहून नागपूरच्या रुग्णालयात जायचे तर अंतरच सुमारे ६० किलोमीटर. म्हणून तेल-मालिशीत वेळ न दवडता लगेच रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन करणे मोलाचे. घड्याळाशी अशीच शर्यत डोक्याच्या दुखापतीतही असते : अपघातात मार लागल्यावर कवटीच्या आत हळूहळू रक्त साचू शकते. माणूस उठून बोलू लागला, तरी वाढती डोकेदुखी, उलट्या, गुंगी ही धोक्याची लक्षणे ठरतात.