नांव मुंबईचें, बिऱ्हाड सह्याद्रींत

गेल्या मृगांत आमच्या मुलुंडच्या घरामागील डबक्यांत बेडूक ओरडूं लागले, तेव्हां नातवानें विचारिलें, "आजोबा, मुंबईचा म्हणून एखादा बेडूक आहे काय?" "आहे, पण तो शहरांत राहत नाहीं," या आमच्या उत्तरानें त्यास हंसूं आलें. वाचकांसही नवल वाटेल, म्हणून ती हकीकत येथें देतों.

इंग्रजींत ज्यास 'बाँबे नाइट फ्रॉग' म्हणतात, तो हा निशाचर बेडूक सह्याद्रीच्या रानांत, वाहत्या ओहोळांच्या कांठीं राहतो. भादुरी व कृपलानी या शास्त्रज्ञांनीं १९५५ सालीं त्याचें प्रथम वर्णन केलें, आणि मुंबईचे निसर्गाभ्यासक हुमायून अब्दुलअली यांच्या नांवावरून त्याचें शास्त्रीय नांव ठेविलें.

पावसाळ्यांत रात्रीं नर ओहोळावर झुकलेल्या पानावर बसून साद घालतो. बहुतेक बेडकांत नर मादीस हातांनीं कवटाळतो. हा मात्र हात पानावर किंवा फांदीवरच टेकतो, आणि मादीनें अंडीं घालण्यापूर्वींच दूर होतो. बेडकांत मीलनाच्या सहाच रीती पूर्वीं ठाऊक होत्या. ही सातवी, असें २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें दाखविलें. मादीही साद घालते, हें बेडकांत विरळाच. अंड्यांतून निघालेलीं पिलें पानावरून थेट खालच्या पाण्यांत पडतात. म्हणजे वरची फांदी तुटली किंवा खालचा ओहोळ आटला, तर हा संसार बुडालाच.

अब्दुलअली यांचें नांव या जातीस शोभतें. आपल्या देशांतून बेडकांच्या तंगड्या परदेशीं खाण्यासाठीं जात. बेडूक शेतांतील किडे खातो, तो विकणें म्हणजे पिकाचा राखणदार विकणें होय. या निर्यातीवर त्यांनीं १९८५ सालीं विस्तृत निबंध प्रसिद्ध केला. १९८७ सालीं तिजवर बंदी आली.

ऋग्वेदाच्या सातव्या मंडलांतील १०३ व्या सूक्तांत बेडकांच्या घोषास वेदपठण करणाऱ्या ब्राह्मणांची उपमा दिली आहे. आम्हीं मात्र वर्गांत मुलांस 'कूपमंडूक' म्हणून हिणविण्यापुरतीच त्याची आठवण ठेविली, हें येथें कबूल करितों.

आमच्या घरामागील डबकें यंदा भराव टाकून बुजविलें आहे. यापुढें तेथें आवाज होणार नाहीं. तेव्हां पावसाळ्यांत मुलांस घेऊन घाटांत जाणाऱ्या गृहस्थांस एवढीच विनंती कीं, ओहोळावर ओणवलेली फांदी कोणी हिसडूं नये, आणि पाण्यांत कांहीं टाकूं नये. एखाद्या पानावर अंडीं असतील.