प्रतिनिधी येण्याआधी

नोव्हेंबर २०२१. बारा तारखेचा मोर्चा, तेरा तारखेचा बंद, दगडफेक, जाळपोळ, आणि मग अमरावतीत संचारबंदी. इंटरनेटही बंद. पुढच्या एप्रिलमध्ये अचलपुरात दुल्हा दरवाज्यावरच्या झेंड्यावरून पुन्हा संचारबंदी. मे २०२३मध्ये अकोल्याच्या जुन्या शहरात समाजमाध्यमावरच्या एका मजकुरावरून रात्र पेटली आणि एक माणूस जिवानिशी गेला. दर वेळी मागाहून शांतता बैठका झाल्या. अशाच एका बैठकीला मी गेले. दारात नोंदवही घेऊन बसलेल्या मुलाने विचारलं, "मॅडम, तुम्ही कोणत्या समाजाच्या प्रतिनिधी?" कोणाचीच नाही, इथं राहते, असं मी सांगितलं. त्याने तो रकाना कोरा ठेवला आणि मला शेवटच्या रांगेत बसवलं. समोर व्यासपीठावर सगळ्या धर्मांचे मान्यवर होते. प्रत्येकाने आपला धर्म शांतीचा असल्याचं सांगितलं, चहा झाला, फोटो निघाला.

त्या पोराचा काही दोष नव्हता. तरी त्याचा प्रश्न मला फार लागला. आमच्या वऱ्हाडात धर्माधर्मांतलं बोलणं प्रतिनिधींनी चालवलेलं नव्हतं. आपल्याच धर्माशी घरातून भांडण मांडलेल्या माणसांनी ते चालवलं होतं, आणि अशा माणसाला कोणी प्रतिनिधी म्हणून निवडून देत नाही.

जुनी हकीकत थोडक्यात सांगते, कारण तिच्यातला बराच भाग पुस्तकांत आहे. १८९३च्या शिकागोच्या परिषदेत विवेकानंदांबरोबर मुंबई प्रार्थना समाजाचे बी. बी. नगरकरही बोलले होते, हे आता फारसं कोणाला आठवत नाही. १९०१ साली विठ्ठल रामजी शिंदे युनिटेरियनांच्या मदतीने ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्म शिकायला गेले. १९०३च्या सप्टेंबरात ॲमस्टरडॅमला जगभरचे उदार धर्मवाले जमले, तिथे त्यांनी हिंदुस्थानातल्या उदार धर्मावर निबंध वाचला. त्या परिषदेमागची संघटना आजही धर्मस्वातंत्र्याचं काम करते. शिंदे परतले आणि तीन वर्षांनी त्यांनी डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढलं. मिशनच्या शाखा अकोला-अमरावतीपर्यंत पोचल्या. मला या माणसाचं मोठेपण इथं दिसतं: परदेशातल्या पंडितांशी संवाद करून आलेला हा गृहस्थ पहिलं भांडण आपल्या घराशी करतो. शिवू नका म्हणणाऱ्या धर्माला तो धर्म मानायलाच तयार नाही.

मग मोझरी. यावलीचे माणिक बंडोजी इंगळे, म्हणजे तुकडोजी महाराज, यांनी १९३५ साली तिथे गुरुकुंज उभारला. १९५५ साली ते जपानला विश्वधर्म परिषदेला गेले आणि खंजिरीवर भजन म्हणून आले. त्याच साली ग्रामगीता पूर्ण झाली. त्याच साली अमरावतीत कॅथलिकांचा धर्मप्रांत झाला. आणि पुढच्याच वर्षी नागपूरच्या बौद्ध धम्मदीक्षेला आमच्या गावागावांतून माणसं गेली. वऱ्हाडातल्या एखाद्या मोठ्या गावात तेव्हा चार वेगळ्या प्रार्थना ऐकू येऊ शकत होत्या, आणि त्या चारांना एकमेकींबद्दल काय वाटतं हे विचारण्याची वेळ खरी तेव्हाच आली होती. महाराजांनी ते सामुदायिक प्रार्थनेतून विचारलं. पुढे मूर्ती नसे, नुसतं अधिष्ठान. रांगेत कोणीही बसावं. मी हेही लिहिते की १९६४ साली पवईच्या सांदीपनी साधनालयात विश्व हिंदू परिषदेची स्थापना झाली, त्या बैठकीतही महाराज होते. एक बाजू लपवून दुसरी मिरवणारे दोन्हीकडे भेटतात. मला पुरे महाराज हवे आहेत.

माझं आयुष्य घडलं ते मात्र नव्वदीच्या दशकात, आणि त्याबद्दल मला जरा सावकाश सांगायचं आहे.

६ डिसेंबर १९९२ला बाबरी मशीद पाडली गेली, त्यानंतरच्या थंडीत आम्ही काही जण रविवारी सकाळी एका निवृत्त पोस्टमास्तरांच्या ओसरीवर बसू लागलो. मंडळाला नाव नव्हतं, घटना नव्हती, पावतीपुस्तक नव्हतं. पोस्टमास्तर मोझरीचे, भगवी टोपी घालणारे. उर्दू शाळेत शिकवणाऱ्या एक आपा होत्या. बँकेतले एक बौद्ध अधिकारी, चर्चमध्ये पेटी वाजवणाऱ्या एक बाई, आणि रिद्धपूरकडून एसटीने येणारे एक महानुभाव शेतकरी. मी वारकरी घरातली. नियम पोस्टमास्तरांनी घातला: इथं ज्याने त्याने आपल्या धर्मातलं आपल्याला काय सलतं ते बोलायचं. दुसऱ्याच्या धर्माबद्दल विचारावं, शेरा मारू नये.

हा नियम दिसतो तितका सोपा नव्हता. पहिले कित्येक रविवार आम्ही आपापल्या धर्माची स्तुतीच करत होतो. कोंडी फोडली आपांनी. त्यांच्या वर्गातल्या एका मुलीच्या आईला नवऱ्याने रागाच्या भरात तीनदा तलाक म्हटलं आणि ती बाई पोरांना घेऊन माहेरी आली होती. आपांनी कुराण उघडून इद्दतीची मुदत, समेटाची सोय वाचून दाखवली आणि म्हणाल्या, "हे सगळं पुस्तकात आहे, मग ती रस्त्यावर का आहे?" शाहबानो प्रकरण आणि १९८५चा कोल्हापूर ते नागपूर तलाकमुक्ती मोर्चा सगळ्यांच्या आठवणीत ताजे होते. हमीद दलवाईंच्या मुस्लिम सत्यशोधक मंडळाच्या त्या मोर्च्याला वाटेत काय सोसावं लागलं तेही. आपा मोर्च्यात गेल्या नव्हत्या. ओसरीवर बोलायलाही त्यांना धैर्य लागलं होतं.

त्यांच्यानंतर कोणाला गप्प बसता येईना. बँकेतले साहेब म्हणाले, बावीस प्रतिज्ञा भिंतीवर आहेत, पण सोयरीक जुळवताना पोटजात विचारतातच. महानुभाव काका म्हणाले, "आमच्या पोथ्या आमीच सकळ लिपीच्या कुलपात घातल्या. लोकाइले कशी समजन चक्रधरस्वामीची गोठ?" पेटीवाल्या बाईंची आजी संवत छप्पन्नच्या, म्हणजे १८९९-१९००च्या दुष्काळात मिशनकडे गेलेली. त्या म्हणाल्या, आम्हाला आयुष्यभर कृतज्ञ राहायला शिकवलं, पण आजीच्या जात्यावरच्या ओव्या चर्चमध्ये आणायला नारायण वामन टिळकांनंतर फारसं कोणी धजलं नाही. मी सांगितलं की १९२७ साली अंबादेवीच्या देवळात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून झालेल्या सत्याग्रहाला माझ्या सासरच्या वाडवडिलांनी विरोध केला होता. हे घरात कोणी बोलत नसे. बँकेतल्या साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांच्या घरात त्या सत्याग्रहाबद्दल काय सांगतात ते बराच वेळ सांगितलं. माझ्या सासरच्यांनी गाळलेला अर्धा इतिहास मला त्या दिवशी मिळाला.

एका हिवाळ्यात आम्ही विनोबांचं 'कुराण-सार' वाचलं. आपा आमचे उच्चार सुधारत. शिकागोच्या परिषदेची शताब्दी १९९३ साली झाली, बंगळुरूतही त्या वर्षी सर्वधर्मसंमेलन भरलं. शिकागोच्या जाहीरनाम्याची माहिती आमच्यापर्यंत आली: अहिंसा, न्याय्य अर्थव्यवस्था, सहिष्णुता आणि सत्य, स्त्रीपुरुषांची समान भागीदारी. आपा म्हणाल्या, "शेवटचं वाक्य मी आमच्या मोहल्ल्यात कसं वाचू ते सांगा." दोन रविवार आम्ही फक्त त्यावर बोललो. परिषदांची थोरवी मी नाकारत नाही. पण शिकागोचं वाक्य मोहल्ल्यात न्यायचं काम शेवटी अशाच एखाद्या बाईला करावं लागतं, आणि ती एकटी पडली तर ते वाक्य तिथंच मरतं.

खेड्यांतही हे चालू होतं. दर्यापूरकडच्या एका गावात सामुदायिक प्रार्थना आणि मगरिबची नमाज एकाच वेळी येई, दोन्ही सूर्यास्ताच्या. तिथे प्रार्थना चालवणाऱ्या सेवकांनी ठरवून टाकलं होतं, अजान झाली की मग खंजिरी. मी विचारलं, हे कोणी ठरवलं? एक म्हातारा म्हणाला, "ठरवाले काय लागते बाई, दोनी आवाज संगं झाले त कोनाचंच आयकू येत नाई." त्या गावात कधी शांतता समिती बसली नव्हती.

हे कसं संपलं? एका दिवसात नाही. पोस्टमास्तर गेले, ओसरी विकली गेली. २००२च्या गुजरात दंगलींनंतर आपांच्या घरच्यांनी मिश्र वस्तीतलं घर सोडलं आणि ते आपल्या लोकांत राहायला गेले. बँकेतल्या साहेबांची बदली अकोल्याला झाली. इतकं वयानुसार, काळानुसार घडतंच. मला राग आहे तो वेगळ्या गोष्टींचा.

राग आहे आमच्या शहरातल्या पुरोगामी मित्रांवर. आम्ही ओसरीवर बसायचो तेव्हा त्यांनी आम्हाला हिणवलं. प्रार्थना म्हणजे मागासपणा, धर्मावर बोलूच नये, तो आपोआप विरघळेल, असं ते सांगत. धर्म विरघळला नाही. जे लोक त्याला आतून सैल करत होते तेच एकाकी पडून विरघळले, आणि मोकळी झालेली जागा कडव्यांनी घेतली. या मित्रांपैकी कित्येक जण आज सर्वधर्मसमभावाच्या व्यासपीठावर अध्यक्ष असतात.

राग आहे व्यासपीठ या प्रकारावरच. नव्वदीच्या शेवटी निवडणुका लढवणाऱ्यांना ईदमिलन आणि इफ्तार सापडले. शाल, नारळ, एकेका धर्माचा एकेक माणूस. तो माणूस कसा निवडायचा? ज्याच्या शब्दावर मतं पडतात तो. आपांच्या शब्दावर कोणाचं मत पडणार? त्या कधी बोलावल्या गेल्या नाहीत. ज्यांच्याशी त्यांचं भांडण होतं ते मात्र दर वर्षी पहिल्या खुर्चीवर बसले. आपल्या धर्माबद्दल शंका नसलेला माणूसच त्या धर्माचा खरा माणूस, हा नियम आपण सगळ्यांनी मिळून पक्का केला, आणि तो करण्यात सेक्युलर म्हणवणारे पक्षही मागे नव्हते.

आणि राग आहे मोझरीच्या वारसदारीवर हक्क सांगणाऱ्या काही जणांवर. अश्विन वद्य पंचमीला, महाराजांच्या पुण्यतिथीला, संध्याकाळी चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी लाखो माणसं गुरुकुंजात मौन श्रद्धांजलीला उभी राहतात. ते दृश्य मी पाहिलं आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. पण मी फिरते त्या गावांत रोजची प्रार्थना थोड्या म्हाताऱ्यांवर आली आहे, अधिष्ठानावर महाराजांची तसबीर आली आहे, आणि रांगेत बसायला मोहल्ल्यातून कोणी येत नाही, कोणी बोलावतही नाही. नागपूरच्या विद्यापीठाला महाराजांचं नाव, अमरावतीच्या विद्यापीठाला गाडगेबाबांचं. या दोन्ही शहरांत पोरं पदवी घेतात आणि दुसऱ्या धर्माच्या एकाही घरी जेवल्याशिवाय नोकरीला लागतात.

अकोल्यातल्या त्या रात्रीनंतर मी बँकेतल्या साहेबांना फोन केला. ते आता निवृत्त आहेत. आपांचा नंबर त्यांच्याकडे होता. आपा ऐंशीच्या घरात आहेत, कानाला कमी येतं, डोकं लखलखीत. आम्ही तिघांनी ठरवलं की बसायचं, आलटून पालटून, एकदा अमरावतीत, एकदा अकोल्यात. कोणत्याही संस्थेचा पदाधिकारी बोलवायचा नाही, धर्माची असो की पक्षाची. आपांची नात वकिली शिकते, तिला यायचं आहे, तिच्या दोन मैत्रिणींना घेऊन. त्यातली एक आमच्याच नियमावर हरकत घेते आहे: आपल्या धर्मातलं सलणारं आम्ही बोललो आणि कोणी फोनवर रेकॉर्ड करून पसरवलं तर? पोस्टमास्तरांच्या काळात हा प्रश्न नव्हता. पहिल्या बैठकीत आधी त्यावरच बोलायचं आहे.