दालनास कुलूप केव्हां लावावें?

शहाडच्या स्थानकावर गाडीची वाट पाहतांना आमचे विद्यार्थी ज्या मोबाइलांत डोकें घालतात, त्यांतील पुष्कळांच्या पोटीं लिनक्सचें कर्नल असतें. (फौजेंतील कर्नल नव्हेत!) हें कर्नल एकाच यंत्रांत जाळ्याचीं अनेक स्वतंत्र दालनें करूं शकतें; त्यांस नेटवर्क नेमस्पेस म्हणतात. दालनांतून बाहेर बोलण्याची खिडकी म्हणजे सॉकेट.

शाळेचा शिपाई वर्गांत एकही मूल उरलें नाहीं असें पाहूनच कुलूप लावतो. कर्नलही दालन मोडण्यापूर्वीं अशीच मोजणी करतें. परंतु शिपायानें स्वतःलाच मोजलें तर कुलूप कधींच लागणार नाहीं! म्हणून कर्नलनें आपल्या कामासाठीं उघडलेलीं सॉकेटें मोजणींत धरीत नाहींत. २०१५ सालीं हा नियम सॉकेट जन्मतांनाच लागूं केला गेला.

येथेंच घात होतो. टीसीपीचें सॉकेट मिटलें तरी पोंच न आलेला मजकूर पुन्हां धाडण्यासाठीं त्याचें घड्याळ चालूंच राहतें. दालन मोडून त्याची जागा दुसऱ्या कामास दिल्यावर तें घड्याळ वाजलें, तर हात परक्याच्या स्मृतींत पडतो व सगळें यंत्र कोलमडूं शकतें. दूरच्या संगणकावरील फायली आणणाऱ्या एसएमबी शाखेंत हा दोष २०२४ सालीं दुरुस्त करावा लागला. अशा सॉकेटास मागाहून मोजणींत घेण्याची सामाईक सोय २०२५ सालीं झाली. ती आम्हांस बरी वाटते. मात्र कोणतें सॉकेट मोजावें व कोणतें नाहीं, हें कर्नलचा तो भाग लिहिणारासच ठरवावें लागतें.